मिशी मागाहून आली

एप्रिल १९३३मध्ये ड्रेस्डेनच्या कला अकादमीतल्या एका प्राध्यापकाला नारळ मिळाला. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम अडीच-तीन महिने झाले होते. सॅक्सनीचा कारभार नुकताच हाती आलेल्या मानफ्रेड फॉन किलिंगरच्या सरकारने कारण दिलं ते असं, की या गृहस्थाची चित्रं नीतिमत्तेला धक्का देतात आणि जर्मन जनतेची लढण्याची जिद्द खच्ची करतात. गृहस्थाचं नाव ओटो डिक्स, वय एक्केचाळीस. पहिल्या महायुद्धात हा आपणहून भरती झालेला, आघाडीवर मशीनगन चालवलेला, आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला. लढण्याच्या जिद्दीचं पुढे काय होतं ते त्याने फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या चिखलात बसून बघितलं होतं. बघितलं ते रंगवलं, एवढाच काय तो गुन्हा.

मी कामानिमित्त स्टुटगार्टला राहते. शहराच्या मधोमध, श्लॉसप्लाट्झवर, काचेचा एक भलाथोरला ठोकळा उभा आहे. ते इथलं कलासंग्रहालय, आणि डिक्सच्या चित्रांचा मोठा साठा त्याच्याकडे आहे. हिवाळ्यातल्या रविवारी या देशात दुकानं बंद, रस्ते सुने, माणसं घरात. अशा रविवारी संग्रहालयात जाऊन बसण्याची मला सवय लागली. ‘महानगर’ नावाचं त्याचं १९२७-२८चं चित्र तिथे आहे. तीन फलकांचं, आडवं चार मीटर. मधल्या फलकावर जाझचा जलसा रंगलाय: सॅक्सोफोन, पिसांचा पंखा, आरशासारखी चकचकीत जमीन, नाचणारी जोडपी. दोन्ही बाजूंच्या फलकांवर बाहेरचा रस्ता आहे. डावीकडे लाकडी पायांवर आणि कुबड्यांवर तोल सावरणारा माजी सैनिक. उजवीकडे दुसरा, पायच नसलेला, भिंतीशी टेकून सलाम ठोकतोय, आणि त्याच्या बाजूने नटव्या वेश्यांची रांग चाललीय, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते चित्र मुळीच आवडलं नाही. सगळे चेहरे कसे कुणीतरी मुद्दाम चिमटीत पकडून पिळल्यासारखे. नंतर लक्षात आलं, की त्याने कुणालाच सोडलेलं नाही. नाचणाऱ्यांना नाही, वेश्यांना नाही, आणि बिचाऱ्या पांगळ्यांनाही नाही. कीव येईल असा एकही चेहरा त्याने कुणाला दिलेला नाही.

आणि हे सगळं रंगवलंय कसं, तर चारशे वर्षांपूर्वीच्या रीतीने. क्रानाख, बाल्डुंग ग्रीन ही जुनी जर्मन मंडळी जसं काम करत तसं: आधी पूर्ण मापाचं रेखाटन, ते गुळगुळीत केलेल्या लाकडी फळीवर उतरवायचं, टेंपरात, म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगात, आकार बांधून घ्यायचे, मग तैलरंगाचे पातळ, पारदर्शक हात एकावर एक द्यायचे. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. गेरा गावातल्या लोखंडाच्या ओतकामगाराचा हा मुलगा. आई शिवणकाम करायची. चौदाव्या वर्षी तो भिंती आणि छतं सजवणाऱ्या एका रंगाऱ्याकडे उमेदवारीला लागला होता. रंग कालवायचे कसे, पृष्ठभाग तयार करायचा कसा, हे त्याने अकादमीत जायच्या कितीतरी आधी हाताने शिकून घेतलं होतं. एखाद्या चित्रात वाळलेल्या रक्ताचा रंग आणि साटीनच्या कापडावरची चमक एकाच जिव्हाळ्याने रंगवलेली दिसते ती त्यामुळे.

म्हणजे गंमत बघा. नाझींना हवं होतं ते सगळं याच्यापाशी होतं. जर्मन परंपरा होती, कसब होतं, माणूस माणसासारखा दिसेल अशी चित्रं होती, कामगाराच्या घरचा जन्म होता, युद्धातला पराक्रम होता. अमूर्त कलेचा त्यांना तिटकारा होता हे आपण नेहमी ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण डिक्सची चित्रं कुणालाही समजत होती. तेच तर अडचणीचं होतं.

आता असंही नाही, की हिटलर येईपर्यंत लोक डिक्सला डोक्यावर घेऊन नाचत होते. ‘खंदक’ हे त्याचं मोठं चित्र, तोफखान्याच्या माऱ्यानंतरच्या पहाटेचं, १९२३मध्ये कोलोनच्या संग्रहालयाने विकत घेतलं. पडद्याआड ठेवून दाखवत असत ते. कलासमीक्षक युलिउस मायर-ग्रेफ याने हे बघून ओकारी येते असं लिहिलं. कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, त्यांनाही ते खपलं नाही आणि शेवटी चित्र परत गेलं. आरशासमोरच्या एका वेश्येच्या चित्रासाठी त्याच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला होता. पण खटला झाला म्हणजे कोर्ट होतं, वकील होता, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. कोलोनने नाकारलेलं चित्र पुढे ड्रेस्डेनच्या संग्रहात गेलं. नाक मुरडणारे होते, तसे विकत घेणारेही होते. खटल्यात सुटलेल्या या माणसाला १९२७मध्ये प्राध्यापकाची नोकरी मिळते! १९३३च्या बडतर्फीनंतर हा रस्ताच उरला नाही. कुठे दाद मागायची सोय नाही, दुसरं संग्रहालय नाही, विरोधात लिहिणारा दुसरा समीक्षक नाही.

अकादमीत त्या वेळी रिचर्ड म्युलर सर्वेसर्वा झाला होता. हा स्वतः केस न् केस मोजून काढणारा चित्रकार, प्रसिद्ध व्यंगचित्रकार गेऑर्ग ग्रोसचा गुरू. त्याच वर्षी सप्टेंबरात ड्रेस्डेनच्या नगरभवनात ‘कलेतील अधःपाताची प्रतिबिंबं’ नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात याचा मोठा वाटा होता. डिक्सची युद्धचित्रं तिथे चेष्टेसाठी टांगली गेली. दोन वर्षांत या म्युलरचीही गच्छंती झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे सांगून टाकते.

पगार बंद, तीन लहान मुलं, आणि प्रदर्शनाची दारं एकेक करून मिटत चाललेली. डिक्स कुटुंब दक्षिणेला गेलं, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, रांडेग नावाच्या खेड्यातल्या एका जुन्या गढीत. गढी कुणाची, तर डिक्सच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची! हान्स कोख हा ड्युसेलडॉर्फचा डॉक्टर. डिक्सने त्याचं चित्र काढलं, आणि चित्र काढता काढता त्याची बायको मार्था डिक्सच्या प्रेमात पडली. कोखने पुढे मार्थाच्या बहिणीशी लग्न केलं आणि चौघांचे संबंध चांगले राहिले. आपल्याकडच्या मालिकावाल्यांनाही असं सुचणार नाही. असो, पडत्या काळात त्याच माणसाने आसरा दिला. १९३६मध्ये मार्थाच्या वारशाच्या पैशातून बोडनझे सरोवराच्या काठी, हेमेनहोफेनला, स्वतःचं घर झालं.

त्या घराचं आता संग्रहालय झालंय. उन्हाळ्यात मी मैत्रिणीबरोबर गेले होते. बागेतून खाली तळं दिसतं आणि पलीकडच्या काठावर स्वित्झर्लंड, इतकं जवळ, की नावेतल्या माणसाच्या टोपीचा रंग ओळखावा. मैत्रीण म्हणाली, “अशा ठिकाणी हद्दपार करत असतील तर मीही काहीतरी गुन्हा करीन गं.” डिक्सचं मत वेगळं होतं. हा स्वर्ग इतका सुंदर आहे की ओकारी यावी, असं तो म्हणायचा. निसर्गापुढे आपण गाईसारखे उभे राहतो, आपली जागा मोठ्या शहरात, हेही त्याचंच म्हणणं. ज्या माणसाचा सगळा धंदा चेहऱ्यांवर चालत होता, त्याला डोंगर आणि झाडांसमोर आणून बसवलं होतं. आणि चेहरे काढायची भीती होती, कारण डिक्सने काढलेला चेहरा कधीच निरुपद्रवी नसायचा.

मग त्याने निसर्गचित्रं काढली. जवळच्या हेगाऊ भागातल्या टेकड्या, बर्फ, ओकेबोके वृक्ष, कावळे. कसब तेच, लाकडी फळी तीच, पातळ थर तेच. फ्रान्झ लेंक या मित्राबरोबर त्याची निसर्गचित्रं १९३५मध्ये बर्लिनच्या नीरेनडॉर्फ दालनात लागली, विकलीही गेली. कारण सरकारने कलावंतांसाठी जे सक्तीचं मंडळ काढलं होतं, त्याचं सभासदत्व त्याने घेतलं होतं. ते नसतं तर चित्रकार म्हणून पोट भरायची सोयच नव्हती. चरित्रलेखक या मुद्द्यावर जरा भरभर पुढे जातात. मला तो थांबून बघण्यासारखा वाटतो. हा माणूस भूमिगत नव्हता, वीर नव्हता. अर्ज भरला, शुल्क भरलं, टेकड्या रंगवल्या. घरात मुलं होती, आणि ड्रेस्डेनमध्ये त्याचं दुसरं बिऱ्हाडही होतं, जिथे तो दरवर्षी जाऊन राहायचा.

पण १९३५च्याच एका चित्रात रांडेगचं ज्यू लोकांचं दफनस्थान आहे. हिवाळा, बर्फात अर्धे बुडालेले कबरींचे दगड, मागे होहेनश्टोफेलन डोंगर. माणूस एकही नाही. न्यूरेम्बर्गचे वंशकायदे झाले ते हेच वर्ष. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९४०मध्ये, बाडेन प्रांतातल्या ज्यूंना उचलून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेलं गेलं. निषेध म्हणून काढलं होतं का ते चित्र? तसं काही त्यावर लिहिलेलं नाही आणि बर्फाचं चित्र म्हणून ते कुणालाही दाखवता आलं असतं. हुकूमशाहीत जगणाऱ्या माणसाच्या कामात ही अशी दोन्हीकडे वळणारी चित्रं फार असतात. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांचं उगाच कौतुकही करवत नाही.

त्याच्या जवळपासच्या इतरांकडे बघितलं की हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. फ्रान्झ राडझिविल हा त्याचा मित्र, तोही काटेकोर वास्तववादी. तो १९३३मध्ये नाझी पक्षात गेला आणि ड्युसेलडॉर्फला, जिथून चित्रकार पाउल क्लेला हाकललं होतं तिथे, प्राध्यापक झाला. दोन वर्षांत कुणीतरी त्याची तरुणपणची एक्स्प्रेशनिस्ट (भावनेसाठी आकार-रंग वेडेवाकडे करणारी) चित्रं उकरून काढली आणि त्यालाही घालवलं. ड्रेस्डेनचा हान्स ग्रुंडिग कम्युनिस्ट. हुकूमशाहीवरच त्याने तीन फलकांचं चित्र केलं, आणि चार वर्षं झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत काढली. फेलिक्स नुसबाउम ज्यू होता. बेल्जियममध्ये लपून चित्रं काढत राहिला, १९४४मध्ये आउशवित्झला मारला गेला. त्याच्यापुढे अर्ज भरायचा की नाही हा प्रश्नच कुणी ठेवला नव्हता. आणि जे वेळीच निघाले त्यांतले काही आपल्याकडे आले. रुडॉल्फ फॉन लायडन १९३३मध्येच मुंबईत दाखल झाला आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागला. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर त्याच दैनिकाचा कलादिग्दर्शक झाला. नेपियन सी रोडवरच्या त्याच्या घरी रझा, आरा यांच्यासारखे तरुण चित्रकार जमायचे. तोच काळ, तीच आग. मुंबईच्या चित्रकलेला तिची ऊब मिळाली.

१९३७ साल आलं. १८ जुलैला म्युनिकमध्ये हिटलरने ‘महान जर्मन कला’ प्रदर्शनाचं उद्घाटन केलं आणि दुसऱ्याच दिवशी जवळच ‘अधःपतित कला’ हे दुसरं प्रदर्शन उघडलं. पहिल्यात संगमरवरी अंगांच्या नग्न स्त्रिया, धष्टपुष्ट शेतकरी, सुबक बैल. दुसऱ्यात खच्चून टांगलेली चित्रं आणि भिंतीवर टोमणे. डिक्सच्या ‘खंदक’ आणि ‘युद्धातले पांगळे’ या चित्रांजवळ लिहिलं होतं: चित्रकार ओटो डिक्सने रंगवलेला लष्करी घातपात. चार महिन्यांत वीस लाखांवर लोक येऊन गेले. देशभरच्या संग्रहालयांतून डिक्सच्या सुमारे २६० कलाकृती जप्त झाल्या. त्यांत त्याने तरुणपणी केलेला तत्त्वज्ञ नीत्शेचा अर्धपुतळाही होता. नीत्शेचं नाव उठताबसता घेणाऱ्या राजवटीने तोही उचलला, आणि तो पुन्हा कधी सापडला नाही.

ही जप्ती करणाऱ्या समितीचा म्होरक्या आडोल्फ त्सिग्लर. तोही चित्रकार, आणि तोही वास्तववादी! त्याचं ‘चार तत्त्वं’ हे चार नग्न स्त्रियांचं चित्र हिटलरच्या म्युनिकमधल्या शेकोटीवर लागलेलं असायचं. लोक मागून त्याला ‘गुह्यकेशांचा राजचित्रकार’ म्हणत (मूळ जर्मन याहून रोकडं आहे). त्या बायकांकडे कितीही वेळ बघा, त्या कुणीच नाहीत. ना नाव, ना वय, ना थकवा. कातडी अगदी बिनचूक रंगवलेली, आत माणूस नाही. खरी कारकीर्द म्हणायची तर ती याची: अकादमीत प्राध्यापक, मग सगळ्या कलावंतांच्या सरकारी मंडळाचा अध्यक्ष. १९४३मध्ये युद्ध हरणार अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि सहा आठवडे दाखाउच्या छावणीत बसून आला.

डिक्सलाही तुरुंग चुकला नाही. नोव्हेंबर १९३९मध्ये म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये गेऑर्ग एल्झर नावाच्या सुताराने हिटलरला मारायला बॉम्ब ठेवला. हिटलर वेळेआधी निघून गेला म्हणून वाचला. मग ज्यांच्यावर आधीपासून लाल खूण होती त्यांची धरपकड झाली, तेव्हा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, डिक्सला ड्रेस्डेनमध्ये पकडून ठेवलं. काही निघालं नाही, सोडून दिलं. या काळात त्याने सेंट ख्रिस्टोफर, सेंट अँथनीला होणारे मोह असे धार्मिक विषय घेतले. बायबलातल्या गोष्टीवरच्या, १९३९च्या ‘लॉट आणि त्याच्या मुली’ या चित्रात मागे जळणारं पापी शहर आहे, आणि त्याची घुमटं-मनोरे ड्रेस्डेनचे आहेत. सहा वर्षांनी ते शहर खरंच जळालं. याला भविष्यवाणी म्हणायचा मोह भल्याभल्यांना होतो. मला त्यात रागच जास्त दिसतो.

आणि त्याने या काळात लपवून ठेवलेलं एक चित्र: ‘युद्ध’. तीन फलक आणि खाली चौथा, १९२९ ते ३२ चार वर्षं खपून केलेलं. आता ड्रेस्डेनच्या आल्बर्टिनममध्ये आहे, मी तिथेच बघितलं. मधला फलक दोन मीटर बाय दोन मीटर. वरती लोखंडी तुळईला एक प्रेत लटकलंय आणि त्याचं बोट समोर रोखलेलं आहे. उजव्या कोपऱ्यात उलट्या पडलेल्या माणसाचे पाय आभाळाकडे, गोळ्यांनी चाळण झालेले. त्या पायांवरच्या एकेका भोकाची कड त्याने पातळ रंगाने मऊ करत नेलीय, जशी एखादा जुना उस्ताद मोत्याची करेल. जखमी साथीदाराला ओढून नेणारा शेजारच्या फलकावरचा माणूस म्हणजे डिक्स स्वतः. चित्राची बांधणी जुना जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्डच्या ईझेनहाइमच्या वेदीचित्रावरून घेतलेली, आणि ते वेदीचित्र आहे फ्रान्समधल्या कोल्मारला. १९४५मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी डिक्सला शेवटच्या सक्तीच्या फौजेत ढकललं, फ्रेंचांनी त्याला युद्धकैदी केलं, आणि छावणी कुठे, तर कोल्मारच्या जवळच. तिथे त्याने छावणीच्या प्रार्थनाघरासाठी काटेरी तारांपुढची मेरी रंगवली.

फेब्रुवारी १९४६मध्ये सुटून घरी आला तेव्हा तो चौपन्न वर्षांचा होता. पातळ थरांचं काम त्याने आता सोडलंच होतं. जाड ब्रश, थेट रंग. काहींना त्यात मोकळेपणा दिसतो. मला ती चित्रं हुकलेली वाटतात. पश्चिमेत अमूर्त कलेची चलती, पूर्वेत समाजवादी वास्तववादाची सक्ती, आणि हा धड इकडचा ना तिकडचा. दोन्ही जर्मनींनी त्याला आपल्या अकादमीत घेतलं, दोन्हींनी सन्मान केला, आणि तो दरवर्षी सीमा ओलांडून ड्रेस्डेनला शिळाछापं करायला जात राहिला. ‘युद्ध’ ड्रेस्डेनच्या संग्रहाने विकत घेतलं ते १९६८मध्ये. पुढच्या जुलैत तो वारला.

आता मिशीचं. नोकरी गेली त्याच वर्षी, १९३३मध्ये, डिक्सने ‘सात महापापं’ रंगवलं. ते कार्ल्सरूहेच्या संग्रहाचं. पुढे लोभ नावाची वाकलेली म्हातारी नाणी वेचतेय, तिच्या पाठीवर मत्सर बसलाय: बुटका, पोरासारखा, तोंडावर मुखवटा. मागे कोयतं घेतलेला आळस, हातपाय असे फेकलेले, की अनेकांना त्यात स्वस्तिक दिसतं. भिंतीवर नीत्शेची ओळ आहे, वाळवंट वाढत चाललंय अशी. मत्सराचा तो मुखवटा हिटलरचा आहे. पण चित्र काढलं तेव्हा त्याला मिशी नव्हती. ती त्याने युद्ध संपल्यावर काढली.

यावरून लोक त्याला हसतात. मेलेल्या सिंहाला लाथ घालणं, असं माझ्या ओळखीतल्या एकाने म्हटलं. आता १९३३मध्ये मिशी काढली असती तर चित्र उरलं नसतं, कदाचित चित्रकारही नसता, हे उघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मिशीमुळे बघणारा सुटतो. हा तो, कळलं, चला पुढे. मिशीवाचून तो चेहरा नुसता रुसलेला, हावरट, दुसऱ्याच्या पाठीवर बसून हिंडणारा आहे. ते चित्र कुणाला दाखवायची वेळ आली तर मी आधी अंगठा धरून मिशी झाकायला सांगते. बरेच जण तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे बघतात.